फ्रान्सच्या ग्रामीण भागातील सहकुटुंब उन्हाळी मुक्काम : उगम, प्रकार आणि नियोजन

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागली की फ्रान्समधील शहरे हळूहळू रिकामी होऊ लागतात आणि खेडी गजबजू लागतात. पॅरिस, लिओं, लील यांसारख्या नगरांतील कुटुंबे मुलाबाळांसह दगडी भिंतींच्या जुन्या शेतघरांत, नदीकाठच्या तंबूंत किंवा कालव्यातील नौकांत राहायला जातात. या वार्षिक स्थलांतरामागे सुमारे नऊ दशकांची परंपरा आहे. तिच्यासाठी कायदे झाले, निवासाच्या स्वतंत्र व्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांचे वर्गीकरण झाले आणि रस्त्यांवरील गर्दीचे अंदाज वर्तवणारी यंत्रणाही निर्माण झाली.

महिनाभराची सवड काढून मुलांसह फ्रान्स पाहू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांना या परंपरेची नीट ओळख असणे उपयुक्त ठरते. तेथील घरे आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, बाजार आठवड्याच्या ठरलेल्या वारी भरतात आणि मुलांनाही एखादी जागा आपली वाटायला चार दिवस लागतात. म्हणून ही सहल रोज नवे गाव गाठणारी नसावी. मोजके मुक्काम निवडून प्रत्येक ठिकाणी किमान आठवडाभर राहावे आणि तेथून परिसर पाहावा, हे तिच्या नियोजनाचे मूलतत्त्व आहे.

प्रदेशाचे स्वरूप

युरोपातील मुख्य फ्रान्सचे क्षेत्रफळ सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पावणेदोन पट आहे. स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक 'कोम्यून' या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे ग्रामपंचायत आणि नगरपालिका हे भेद आहेत, तसे तेथे नाहीत. शंभर वस्तीचे खेडे आणि लाखोंचे नगर दोन्ही कायद्याने कोम्यूनच असतात. अशा कोम्यूनची संख्या सुमारे ३५,००० असून त्यांतील बहुसंख्य अगदी लहान आहेत. चर्च, नगराध्यक्षाचे कार्यालय, महायुद्धांतील हुतात्म्यांचा स्तंभ आणि शक्य तेथे पावाची भट्टी, एवढ्यावर गावाचा मध्य उभा असतो.

अशा गावांपैकी वारसा आणि सौंदर्य जपणाऱ्या निवडक गावांची 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे' ही संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली. लाल वालुकाश्मात बांधलेल्या कोलोंझ-ला-रूझ या गावाच्या नगराध्यक्षांचा त्यात पुढाकार होता. सदस्यत्वासाठी गावाची लोकसंख्या २,००० पेक्षा अधिक नसावी, अशी अट आहे. सहलीचा मार्ग आखताना या संघटनेची सूची हाताशी ठेवावी.

परंपरेचा उगम

कामगारांच्या सवेतन सुट्टीच्या कायद्यातून या परंपरेला आजचे व्यापक रूप आले. १९३६ च्या उन्हाळ्यात लेओं ब्लुम यांच्या नेतृत्वाखालील 'लोकआघाडी' सरकारने वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी हा प्रत्येक कामगाराचा हक्क ठरवला. क्रीडा आणि विरंगुळा या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी सुट्टीसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, अशी हजारो कुटुंबे त्या वर्षी प्रथमच प्रवासाला निघाली. पुढे १९५६ मध्ये तिसरा, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा आठवडा या हक्कात समाविष्ट झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक प्रश्न उभा राहिला. तरुण शेतकरी शहरांकडे जात होते आणि डोंगराळ भागातील भक्कम घरे ओस पडत होती. दुसरीकडे शहरी कामगारांना सुट्टी होती, पण हॉटेलचा खर्च झेपत नव्हता. आल्प्सच्या दक्षिण उतारावरील जिल्ह्याचे सेनेटर एमिल ओबेर यांनी या दोन्ही गरजांची सांगड घातली. १९५१ मध्ये शोदोल या वाडीत पहिले ग्रामीण सुट्टीघर सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. ओस पडणाऱ्या घरांना भाडे मिळाले आणि शहरातील मुलांना गाव मिळाले. आज अशा घरांत राहणारा प्रवासी अप्रत्यक्षपणे त्याच ग्रामसंवर्धनात सहभागी होत असतो.

निवासाचे प्रकार

निवासाचे पाच मुख्य प्रकार करता येतात. पहिला 'झीत', म्हणजे स्वयंपाकघरासह संपूर्ण घर. याला आपण सुट्टीघर म्हणू. ते बहुधा जुने शेतघर, गोठा किंवा धान्याचे कोठार दुरुस्त करून तयार केलेले असते. महासंघाच्या सुट्टीघरांची प्रत एक ते पाच गव्हाच्या ओंब्यांनी दाखवली जाते. दुसरा प्रकार 'शांब्र दोत', अर्थात यजमानाच्या घरातील खोली. कायद्यानुसार अशा खोल्या पाचपेक्षा आणि पाहुणे पंधरापेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. सकाळची न्याहारी भाड्यातच असते. काही यजमान रात्रीचे जेवणही देतात, मात्र त्यात सर्वांसाठी एकच बेत असतो. म्हणून शाकाहारी कुटुंबांनी तसे आधीच कळवावे.

तिसरा प्रकार शिबिरभूमीचा. एक ते पाच ताऱ्यांत वर्गीकृत अशा या जागांत तंबू, चाकांची घरे आणि लाकडी खोल्या असतात. गावाने स्वतः चालवलेली नगरपालिकेची शिबिरभूमी साधी, स्वच्छ आणि स्वस्त असते. शेतावरची लहान शिबिरभूमी जास्तीत जास्त सहा तंबूंची असून तेथे मुलांना शेळ्या, कोंबड्या आणि यजमानाची मुले सोबतीला मिळतात. चौथा प्रकार पदयात्रींच्या सामायिक विश्रामगृहाचा आणि पाचवा कालव्यातील निवासी नौकेचा.

दीर्घ मुक्कामासाठी पहिला प्रकार सर्वांत सोयीचा, म्हणून त्याची रीत समजून घेतली पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीघर शनिवार ते शनिवार दिले जाते. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास घरमालक दारात भेटतो. खिडक्यांच्या लाकडी झडपा कशा लावायच्या, काच, कागद आणि ओला कचरा कोणकोणत्या पेटीत टाकायचा, गरम पाण्याची कळ कोठे आहे, हे तो एकेक करून दाखवतो. मग घरातील वस्तूंची यादी हाती देतो. तीत ताटे, चमचे, पेले यांची संख्या लिहिलेली असते आणि जाताना तीच यादी ताडून पाहिली जाते. मोडतोडीसाठी घेतलेली अनामत त्यानंतर परत मिळते. चादरी आणि टॉवेल पुष्कळदा भाड्यात नसतात आणि अखेरच्या सकाळी दहाच्या आत घर झाडून द्यावे लागते. यांसाठी वेगळे शुल्क देण्याची सोय असते. गावाचा प्रतिरात्र निवासकरही द्यावा लागतो, परंतु १८ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

काळाची निवड

फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंत सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केलेले आहेत, पण उन्हाळी सुट्टी सर्वत्र एकाच वेळी असते. त्यामुळे १४ जुलैचा राष्ट्रीय दिन ते १५ ऑगस्टचा मेरीमातेचा सण या महिन्यात गर्दी आणि भाडे दोन्ही शिगेला पोहोचतात. या काळासाठी सुट्टीघर हवे असल्यास जानेवारी-फेब्रुवारीतच आरक्षण करणे हितावह.

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी मुख्यतः मे महिन्यात असते आणि जूनच्या मध्याच्या सुमारास शाळा उघडतात. हे वेळापत्रक मराठी कुटुंबांना अनुकूलच आहे. मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पूर्वार्ध या काळात फ्रेंच शाळा चालू असतात, घरे सहज आणि तुलनेने स्वस्त मिळतात, पाच-सहा दिवसांच्या मुक्कामालाही घरमालक राजी होतात. ऊन सौम्य असते, बाजारात चेरी आणि स्ट्रॉबेरी येतात आणि दक्षिणेतही रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. समुद्र आणि नद्यांचे पाणी मात्र अजून थंड असते आणि काही जलतरण तलाव जुलैपर्यंत उघडत नाहीत. मे महिन्यात १ व ८ तारखांना, तसेच ईस्टरच्या तिथीनुसार येणाऱ्या सणांना सार्वजनिक सुट्ट्या असतात. त्या दिवसांत दुकाने बंद आणि रस्ते भरलेले असतात, हे ध्यानात ठेवावे.

चार मुक्कामांची एक योजना

महिनाभरासाठी मध्य आणि दक्षिण फ्रान्समधील चार प्रदेशांची पुढील साखळी सोयीची आहे. एका मुक्कामाहून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे थांबत-थांबत एका दिवसात कापण्याजोगे आहे. शिवाय प्रत्येक प्रदेश मुलांना वेगळ्या विद्येची ओळख करून देतो.

पहिला मुक्काम दोर्दोन्य. येथील वेझेर नदीचे खोरे प्रागैतिहासिक चित्रगुहांसाठी विख्यात असून १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मोंतिन्याक गावाजवळील लास्को गुहेचा शोध चार मुलांमुळे लागला, ही गोष्ट लहान प्रवाशांना आवर्जून सांगावी. १८ वर्षांच्या मार्सेल राव्हिदाने १२ सप्टेंबर १९४० रोजी तीन सवंगड्यांसह एका अरुंद विवरातून आत उतरून सतरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे बैल, घोडे आणि हरणे प्रथम पाहिली. त्यांतील सर्वांत मोठा बैल पाच मीटरांहून लांब आहे. १९४८ मध्ये गुहा जनतेस खुली झाली. परंतु प्रेक्षकांच्या श्वासातील कर्बवायू आणि बाष्प यांमुळे भिंतींवर शेवाळ आणि चुन्याचे थर चढू लागले, म्हणून १९६३ मध्ये ती बंद करण्यात आली. १९८३ मध्ये तिची आंशिक आणि २०१६ मध्ये जवळपास संपूर्ण प्रतिकृती उभी राहिली. आज बहुतेक जण पाहतात ती हीच नवी प्रतिकृती. मूळ गुहा पाहायची असल्यास रूफिन्याक उत्तम. तेथे विजेवर चालणारी छोटी गाडी प्रेक्षकांना खोल आत नेते. भिंतींवर शंभराहून अधिक मॅमथ रेखाटलेले आहेत आणि जमिनीत गुहेतील अस्वलांनी शीतनिद्रेसाठी केलेले खोलगट खड्डे दिसतात. आतील तापमान १३ अंशांच्या आसपास असल्याने बाहेर कितीही ऊन असले तरी मुलांना स्वेटर घालावेत.

याच प्रदेशात बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभे आहेत. शतवार्षिक युद्धात ते परस्परविरोधी पक्षांत होते. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धसामग्रीचे संग्रहालय असून दगड फेकणारी पूर्णाकृती यंत्रे तेथे मांडली आहेत. सह्याद्रीतील गडकोट पाहिलेल्या मुलांना तट, बुरूज आणि दरवाजे यांची तुलना करण्यास येथे मोठा वाव आहे.

दुसरा मुक्काम ओव्हेर्न्य. क्लेरमों-फेरां नगराच्या पश्चिमेस सुमारे ८० निद्रिस्त ज्वालामुखींची रांग आहे आणि २०१८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपले दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनले. ओव्हेर्न्यमधील ही शिखरे मात्र स्वतंत्र मुखांतून झालेल्या उद्रेकांची असून ती गेल्या लाखभर वर्षांतील आहेत. दोन्ही भूरूपे पाहिलेल्या विद्यार्थ्याला ज्वालामुखीचे दोन प्रकार पाठ करावे लागत नाहीत. १,४६५ मीटर उंचीच्या पुई द दोम शिखरावर २०१२ पासून दंतपट्ट्यांची रेल्वे जाते. याच शिखरावर १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी नेली. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटीमीटर खाली उतरला आणि हवेला वजन असते, या मताला भक्कम पुरावा मिळाला. शेजारच्या पारियू शिखराच्या मुखात लहान मुलेही पायी उतरू शकतात, तर लांप्तेजी येथे खाणकामाने उघडा पडलेला ज्वालामुखीचा अंतर्भाग पाहता येतो.

तिसरा मुक्काम सेव्हेन. चेस्टनटची वने आणि ग्रॅनाइटचे माळ असलेला हा डोंगराळ प्रदेश १९७० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८७८ मध्ये मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह बारा दिवसांत हा प्रदेश पायी पार केला. आज ती वाट लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेला दीर्घ पदमार्ग झाली आहे. तेथे गाढव भाड्याने मिळते. ते सुमारे ४० किलो सामान वाहते किंवा दमलेल्या लहान मुलाला पाठीवर घेते. सकाळी मालक खरारा कसा करायचा, खूर कसे साफ करायचे आणि ओझे दोन्ही बाजूंना समतोल कसे बांधायचे हे शिकवतो. अन्यथा चालण्याचा कंटाळा करणारी मुले गाढवाची जबाबदारी मिळताच उत्साहाने चालतात, हा तेथील पालकांचा नित्याचा अनुभव आहे.

सेव्हेनची दुसरी ओळख रेशमाची. १९ व्या शतकात येथील घरोघरी तुतीवर रेशीमकिडे पोसले जात. किड्यांवर रोगाची साथ आल्यावर लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षे आलेस परिसरात संशोधन करत होते आणि निरोगी अंडी निवडण्याची त्यांची पद्धत तेथेच सिद्ध झाली. आंदूझ ते सें-झां-द्यु-गार ही १३ किलोमीटरांची वाफेच्या इंजिनाची गाडी मुलांना प्रिय आहे. दक्षिणेकडे जाताना पॉन द्यु गार हा रोमन जलसेतू पाहावा. पहिल्या शतकातील ही तीन मजली कमानरांग सुमारे ४९ मीटर उंच आहे. ज्या जलवाहिनीचा ती भाग होती, ती ५० किलोमीटरांत अवघी साडेबारा मीटर उतरत नीमपर्यंत पाणी नेत असे.

चौथा मुक्काम दक्षिणेचा कालवा, अर्थात कनाल द्यु मिदी. तूलूझ नगर आणि भूमध्य समुद्रालगतचे खाजण यांना जोडणारा हा २४० किलोमीटरांचा जलमार्ग मिठावरील कराचा वसुली अधिकारी प्येर-पोल रिके याने उभारला. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये आज्ञापत्र दिले आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्यापूर्वी काही महिनेच निधन पावला. कालवा सुमारे १९० मीटर उंचीच्या नोरूझ या जलविभाजकावरून जातो. त्या माथ्यावर पाणी आणायचे कोठून, हा या योजनेतील खरा प्रश्न होता. रिकेने काळ्या पर्वतातील ओढे चरांनी एकत्र आणले आणि सें-फेरेओल येथे धरण बांधून ते पाणी माथ्यावर सोडले. तेथून ते दोन्ही दिशांना वाहते.

या कालव्यातील जलपाश, म्हणजे नौका वर-खाली नेणारी दारबंद कुंडे, पाहण्यासारखी आहेत. वर जाणारी नौका खालच्या पातळीवर कुंडात शिरते. मागचे दार मिटते. एक जण काठावर उडी मारून दोर खुंटाला वेढतो, पण बांधत नाही, कारण नौका वर जाईल तसा तो सैल दोर ओढून घ्यावा लागतो. वरच्या दारातील झडप उघडताच पाणी उसळून आत येते, नौका थोडी मागे ढकलली जाते आणि काही मिनिटांत काठाच्या पातळीला येते. मग पुढचे दार उघडते. कुंडांच्या भिंती सरळ नसून अंडाकृती आहेत, कारण सरळ भिंतींचा एक जलपाश मातीच्या दाबाने कोसळल्यावर रिकेने कमानीचे तत्त्व वापरले. बेझिएजवळ फोन्सरान येथे अशी कुंडे पायऱ्यांसारखी लागून आहेत. निवासी नौका चालवण्यास परवाना लागत नाही, भाड्याने देणारे तासाभराचे प्रशिक्षण देतात. मुलांनी नौकेत पूर्ण वेळ तरंगजाकीट घातलेच पाहिजे. दुपारी जेवणाच्या वेळेत जलपाश बंद असतात, म्हणून प्रवास सकाळी लवकर सुरू करावा.

अन्य प्रदेशांचाही विचार करता येईल. बर्गंडीतील गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकातील साधने आणि पद्धती वापरून नवा किल्ला बांधला जात आहे. ब्रिटनीतील कार्नाक येथे तीन हजारांहून अधिक उभ्या शिळांच्या रांगा आहेत. द्रोम जिल्ह्यातील ओतरीव गावात फेर्दिनां शव्हाल या खेड्यातील टपालवाहकाने वाटेत वेचलेल्या दगडांचा 'आदर्श महाल' १८७९ ते १९१२ अशी ३३ वर्षे खपून एकट्याने बांधला. त्याच्या एका दर्शनी भिंतीवर हिंदू मंदिराचीही प्रतिकृती आहे. १९६९ पासून तो संरक्षित स्मारक आहे.

प्रवासाची साधने

पॅरिसहून पहिल्या मुक्कामाच्या जवळच्या नगरापर्यंत रेल्वेने जावे आणि तेथे मोटार भाड्याने घ्यावी, हे उत्तम. खेड्यांत बस विरळ असतात. वाहने उजव्या बाजूने चालतात. वेगमर्यादा महामार्गावर ताशी १३०, पावसात ११० आणि वस्तीत ५० किलोमीटर असते. दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर ती सामान्यतः ८० आहे, काही जिल्ह्यांत ९०. दहा वर्षांखालील मुलांना वयानुरूप सुरक्षा-आसन अनिवार्य असून त्यांना मागेच बसवावे लागते. वेगळी खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्राधान्य असते. हा नियम भारतीय चालकाने विशेष लक्षात ठेवावा.

ऑगस्ट १९७५ मधील प्रचंड वाहतूककोंडीनंतर १९७६ मध्ये 'बिझों फ्युते' ही गर्दीचे पूर्वानुमान देणारी शासकीय सेवा सुरू झाली. ती प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. काळे दिवस बहुधा जुलै-ऑगस्टच्या संधीवरील शनिवार असतात. त्या दिवशी मुलांसह लांबचा प्रवास टाळावा. क्लेरमों-फेरांहून दक्षिणेस जाणारा महामार्ग जवळजवळ पूर्ण टोलमुक्त आहे. अपवाद आहे तो मियो सेतूचा. २००४ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा सर्वांत उंच स्तंभ वरच्या डोलकाठीसह ३४३ मीटर आहे.

आहार आणि बाजार

उपाहारगृहांत दुपारचे जेवण बारा ते दोन आणि रात्रीचे सातनंतर मिळते. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असते. गावातील दुकानेही दुपारी दोन तास आणि रविवारी दुपारनंतर बंद राहतात. म्हणून आठवडी बाजाराचा वार धरून खरेदी करावी. दोर्दोन्यमधील सार्ला येथे बुधवारी आणि शनिवारी मोठा बाजार भरतो. सकाळी पाव आणण्याचे काम मुलांवर सोपवावे. दुकानात शिरताच 'बोंझूर' म्हणायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, हवा तो पाव सांगायचा, पैसे मोजून द्यायचे आणि निघताना पुन्हा निरोप घ्यायचा. दोन-तीन दिवसांत पाववाली बाई मुलांना ओळखू लागते आणि शब्दांबरोबर शिष्टाचारही अंगवळणी पडतो. बॅगेत पावाच्या कारागिरीला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले आहे.

ओव्हेर्न्यमधील पुई येथील हिरवी मसूर प्रसिद्ध आहे. तिच्या नावाला १९९६ पासून भौगोलिक संरक्षण आहे आणि आपल्या फोडणीत तिची आमटी सुरेख होते. ओब्राकच्या पठारावरील 'आलिगो', म्हणजे बटाटा आणि ताजे चीज घोटून केलेला लांब तार धरणारा पदार्थ, मुलांना आवडतो. पारंपरिक चीज करताना पुष्कळदा प्राणिज विरजण वापरतात, हे कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी जाणून असावे. तांदूळ, डाळी आणि मसाले सोबत नेता येतात. परंतु युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणण्यास बंदी असल्याने तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. ताज्या आंब्यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही.

आरोग्य आणि सुरक्षितता

संकटकाळी ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. वैद्यकीय मदतीसाठी १५ आणि अग्निशामक दलासाठी १८ हे स्वतंत्र क्रमांक आहेत. हिरव्या फुलीचे औषधालय हा किरकोळ तक्रारींसाठी पहिला आधार, आणि रात्री किंवा रविवारी जवळचे कोणते उघडे आहे हे ३२३७ या क्रमांकावर कळते. जाड दगडी घरांत वातानुकूलन क्वचितच असते. उष्णतेच्या लाटेत सकाळीच झडपा मिटून घेण्याची आणि रात्री उघडण्याची फ्रेंच पद्धत पाळावी. उंच गवतातून फिरून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड चिकटली नाही ना, हे रोज पाहावे.

२००३ च्या कायद्याने खासगी तलावाला कुंपण, आच्छादन, छत किंवा धोकासूचक यंत्र यांपैकी एक तरी आवश्यक केले आहे. घर आरक्षित करताना यांपैकी काय आहे ते विचारावे आणि तरीही मुलांवरची नजर हटवू नये. सार्वजनिक तलावांत सैल अर्धी विजार चालत नाही, घट्ट पोहण्याचा पोशाखच लागतो. नदीत जीवरक्षक असलेल्या जागीच उतरावे. छोट्या होडीतून जाण्यासाठी मुलांना पोहता आले पाहिजे.

भारतीय कुटुंबांसाठी कागदपत्रे

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे आणि सर्व रात्रींच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो. मुक्काम चारच असले की हा पुरावा जमवणे सोपे जाते. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून घ्यावा. मूल आई किंवा वडील यांपैकी एकासोबतच जात असेल, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र जवळ असावे. शासकीय स्मारकांत आणि राष्ट्रीय संग्रहालयांत १८ वर्षांखालील मुलांना सामान्यतः प्रवेश मोफत असतो, त्यासाठी वयाचा पुरावा हाताशी ठेवावा.

नियोजनाचा क्रम

या सर्व माहितीतून नियोजनाचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम मुलांच्या शाळेचे आणि फ्रान्सच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक जुळवून काळ निश्चित करावा. नंतर तीन किंवा चार प्रदेश निवडून सुट्टीघरे आरक्षित करावीत. घर निवडताना पावाचे दुकान आणि पोहण्याची जागा किती अंतरावर आहे, हे आधी पाहावे. त्यानंतर व्हिसा, रेल्वे आणि मोटार यांची व्यवस्था करावी. जुलैत जाणार असाल, तर आदल्या शरद ऋतूत जाहीर होणारा 'तूर द फ्रांस' सायकल शर्यतीचा मार्ग पाहावा. तो आपल्या मुक्कामाजवळून जात असेल, तर मुलांना १९०३ पासूनची ही शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून विनामूल्य पाहता येईल.

प्रेक्षणीय स्थळांची यादी सर्वांत शेवटी करावी. ती आधी केल्यास अंतरे वाढतात, मुले गाडीतच दमतात आणि मुक्कामाचा आनंद हरपतो. आठवड्यात तीन-चार स्थळे पुरेशी आहेत. एक दिवस बाजाराचा, एक पाण्याचा आणि एक काहीच न ठरवलेला असावा. त्या मोकळ्या दिवशी काय करायचे, याचा निर्णय मुलांनी घ्यावा. ज्या परंपरेने कामगारांच्या कुटुंबांना १९३६ मध्ये प्रथम सहलीची संधी दिली, तिच्यात मुलांची इच्छा हा नियोजनाचा अधिकृत भाग मानला जाणे सर्वस्वी उचित आहे.